भिंतीवरचा गोल थर्मोस्टॅट आज उतरवला

न्यू जर्सीतील आमच्या जुन्या घराच्या भिंतीवर आधीच्या मालकांच्या काळापासून असलेला हनीवेल कंपनीचा गोल थर्मोस्टॅट, म्हणजे घराचे तापमान राखणारे यंत्र, काढून आज त्याच्या जागी वेळापत्रक ठरवता येणारा नवा बसवला. १९५३ साली बाजारात आलेला हा गोल घाट अमेरिकी डिझायनर हेन्री ड्रायफस यांचा. झाकण काढल्यावर मी बराच वेळ नुसता पाहतच राहिलो. दोन धातूंच्या पट्टीचे वेटोळे थंडीने हलते, त्यावर बसवलेली काचेची कुपी कलते आणि आतला पाऱ्याचा थेंब घरंगळून दोन तारा जोडतो, की तळघरातली फर्नेस, म्हणजे घर तापवणारी भट्टी, सुरू होते. त्याला ना बॅटरी लागते, ना वायफाय!

वीजपुरवठा बंद करून, कोणती तार कोणत्या अक्षराच्या स्क्रूखाली आहे याचा फोटो काढून मगच तारा सोडवल्या, कारण केवळ रंगावर विसंबणे बरे नव्हे. नव्या यंत्राला सतत वीज पुरवणारी 'सी' तार सुदैवाने भिंतीतच न वापरता गुंडाळून ठेवलेली होती. ती फर्नेसच्या बाजूलाही जोडावी लागली.

दिवसातील आठ तास तापमान ७ ते १० अंश फॅरनहाइटने उतरवल्यास घर तापवण्या-थंड करण्याच्या वर्षाच्या खर्चात १० टक्क्यांपर्यंत बचत होऊ शकते, असे अमेरिकेचा ऊर्जा विभाग सांगतो. त्यानुसार मी रात्रीसाठी ६८ वरून ६१ अंश ठरवले होते. पुण्याहून आलेल्या आईने शाल आवळत एकच कटाक्ष टाकला आणि आकडा ६४ वर आला.

पाऱ्यामुळे जुना थर्मोस्टॅट कचऱ्यात टाकता येत नाही. तो काउंटीच्या घातक कचरा संकलनाच्या दिवशी नेऊन देणार आहे.