गडग्यातली पाकिटं

गेल्या जुलैच्या पावसात शाळेमागचा गडगा ढासळला आणि दगडांच्या सांदीतून चिप्सची रिकामी पाकिटं बाहेर पडली. मोजली तर ४१ निघाली. जूनमध्ये शाळा उघडली त्याच दिवशी मी मुलांना दम भरला होता, "पाकीट दिसलं तर बघा." त्यानंतर एकही दिसलं नव्हतं आणि मी समाधानात होते.

वेंगुर्ल्याजवळ किनाऱ्यावरच्या एका गावात मी पहिली ते पाचवीला शिकवते. पट २३. निम्मी मुलं रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढायला, जाणाऱ्यांच्या घरची, बाकीची काजू-आंब्याच्या बागेत राबणाऱ्यांची. शाळेपासून ५० मीटरच्या आत असे पदार्थ विकू नयेत, असा अन्नसुरक्षेचा २०२० चा नियम आहे. पण आमच्या गावातलं दुकान त्याच्या थोडं पलीकडेच आहे.

त्या दिवशी ओरडायचं धाडस मला झालं नाही. पाकिटं धुऊन वाळवली आणि गणिताच्या तासाला वाटली. मागची बारीक अक्षरं मुलांनी वाचली. थंड पेयाच्या बाटलीवर १०० मिलिलिटरला ११ ग्रॅम साखर लिहिलेली होती. बाटली २५० मिलिलिटरची, म्हणजे साखर साडेसत्तावीस ग्रॅम. चमच्यात साधारण चार ग्रॅम मावते, तेव्हा जवळजवळ सात चमचे. ती साखर आम्ही कागदावर ओतून बघितली. चौथीतला एक मुलगा म्हणाला, "बाई, येवडी साकर आमच्या घरात सगळ्यांच्या चायक पुरता." आणि पाठोपाठ एका मुलीने विचारलं, "मगे खावचा काय?"

याचं उत्तर माझ्याकडे तयार नव्हतं. मी काल काय जेवलात ते लिहायला सांगितलं. वह्या तपासल्या तर सगळीकडे चपाती, भाजी, सफरचंद. सफरचंद आमच्या बाजारात गणपतीत दिसतं, तेही महाग. मग माझी नजर भिंतीवर गेली. तिथे मीच लावलेला तक्ता होता: सफरचंद, द्राक्षं, पाव, दुधाचा ग्लास. मुलांनी बाईंना हवं ते लिहिलं होतं. पेज, जवळा, कुळथाची पिठी, नाचणीची भाकरी यातलं काही कुणीच लिहिलं नव्हतं. तिसरीतल्या एकीला जवळ घेऊन विचारलं तेव्हा ती खाली मान घालून म्हणाली, "भाकरी काळी आसता. माका लाज वाटता."

तक्ता मी त्याच दिवशी उतरवला. त्या मुलीचं बोलणं मला फार लागलं होतं. ज्या नाचणीत १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, दुधाच्या जवळजवळ तिप्पट, तिची लाज माझ्या वर्गात वाटावी!

नवा तक्ता मुलांनीच काढायला घेतला, त्यासाठी घराघरातून आज्या आल्या. हा भाग मला सगळ्यात आवडला. एका आजींनी टाकळा, कुर्डू आणि अळू ओट्यावर मांडलं. अळू शिजवताना आंबट का घालतात, असं मुलांनी विचारलं. "घशाक खाजता म्हणान," आजी म्हणाल्या. त्यावर मी पानातल्या सुईसारख्या स्फटिकांचं चित्र फळ्यावर काढलं. रानभाजी मोठ्या माणसाला दाखवल्याशिवाय तोडायची नाही, हे मात्र आजींनी तीनदा बजावलं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तेव्हा ताजं मासं फारसं नाही. म्हणून मे महिन्यात खळ्यात वाळवलेलं सुकट आणि बोंबील तक्त्यावर आले. मिठाच्या बांगड्याखाली मुलांनी स्वतःच लिहिलं: 'थोडाच.'

पोषण आहार शिजवणाऱ्या काकी आमटीत शेवग्याचा पाला घालू लागल्या. पहिले दोन दिवस मुलांनी तो ताटाच्या कडेला काढून ठेवला. काकींनी मग बारीक चिरून, लसणीची फोडणी देऊन घातला आणि ताटं स्वच्छ आली. यात माझं काही श्रेय नाही.

काळ्या भाकरीची लाज वाटणारी ती मुलगी तासाला पेंगायची. आरोग्य तपासणीच्या पथकाने तिला ग्रामीण रुग्णालयात पाठवलं. हिमोग्लोबिन ९.२ निघालं, तिच्या वयाला साडेअकरा तरी हवं. तिची आई माझ्यासमोर रडली. दोष घरच्या अन्नात नव्हता. सकाळी कोरा चहा-खारी, मधल्या सुट्टीत पाकीट, मग जेवणाची भूकच नाही, आणि घरी जेवणाबरोबर पुन्हा चहा. चहामुळे जेवणातलं लोह नीट अंगी लागत नाही, हे डॉक्टरांनी समजावलं. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. घरी मी एवढंच मागितलं: चहा जेवणापासून तासभर दूर आणि पालेभाजीवर लिंबू पिळायचं. आजोबांना ते पटेना. "चाय नाय तर पोर शाळेत कशी जातली?" मी तीनदा त्यांच्याकडे गेले. शेवटी सकाळी चहाऐवजी पेज द्यायचं ठरलं. लोणच्याची फोड द्यायची अट त्यांनी घातली, ती मी मान्य केली.

तीन महिन्यांनी आकडा १०.८ आला. अजून पुरेसा नाही, गोळ्या चालूच आहेत. गडगा पुन्हा रचला आहे. शनिवारी कुणाच्या तरी खिशात पाकीट असतंच, पण आता ते ओट्यावर बसून खातात आणि मागचं वाचूनही दाखवतात. पुढची रक्ततपासणी जानेवारीत आहे. तिची आई कामावर असेल, म्हणून रुग्णालयात मीच तिला घेऊन जाणार आहे.