एमपीव्हीपुढचा बाण

मी इंदूरच्या रामबागेत राहते. पॅथॉलॉजी लॅबमध्ये बरीच वर्षं काढली, त्यामुळे जिन्यातच कुणीतरी मोबाइल पुढे करतं: "ताई, प्लेटलेट ठीक आहेत, पण एमपीव्हीपुढे वरचा बाण आलाय. काही वाईट तर नाही ना?" परवा तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून नीट सांगते.

एमपीव्ही म्हणजे प्लेटलेटचं, रक्त गोठवायला मदत करणाऱ्या बारीक पेशींचं, सरासरी आकारमान. ते फेम्टोलिटर या अतिसूक्ष्म एककात मोजतात. बहुतेक ठिकाणी 7 ते 12 हे ठीक धरतात, पण मशीनगणिक मर्यादा बदलते, तेव्हा आपल्याच रिपोर्टावरची बघावी. प्लेटलेट अस्थिमज्जेत, म्हणजे हाडांतल्या मगजात, तयार होतात आणि आठ-दहा दिवस जगतात. नव्या प्लेटलेट सहसा मोठ्या असतात. म्हणून काउंट, म्हणजे प्लेटलेटची संख्या, कमी आणि आकार मोठा असेल, तर बहुधा प्लेटलेट रक्तात नष्ट होताहेत आणि मज्जा भराभर नव्या पाठवते आहे. दोन्ही कमी असतील, तर मज्जेतच कमी तयार होताहेत का, याचा डॉक्टर विचार करतात. नुसत्या एमपीव्हीवरून निदान होत नाही.

आता शेजारच्या काकूंचं सांगते. गेल्या पावसाळ्यात त्यांचा एमपीव्ही 12.9 आला. काउंट 2 लाख 40 हजार, ताप नाही, अंगावर काळंनिळं नाही. तरी रात्रभर झोप नाही. मी रिपोर्टाच्या वरच्या कोपऱ्यातल्या वेळा वाचल्या. रक्त घरून घेतलं सकाळी सातला, मशीनवर लागलं दुपारी दीडला. जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए असतं. त्यात बशीसारख्या चपट्या प्लेटलेट हळूहळू फुगून गोल होतात. जितका उशीर, तितका आकडा वर. दुसऱ्या दिवशी मी काकूंना लॅबमध्येच नेलं. तासाभरात नमुना लागला: 10.8. या वेळा छापलेल्या असूनही कुणी वाचत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

काउंटच अचानक खूप कमी आला आणि माणूस धडधाकट असेल, तर रक्ताची स्लाइड मायक्रोस्कोपखाली बघायला सांगा. काहींच्या रक्तात ईडीटीएमुळे प्लेटलेटचे पुंजके होतात, ते मशीनच्या मोजणीतून सुटतात. मग निळ्या टोपणाच्या, सायट्रेटच्या नळीत पुन्हा रक्त घेतात.

मात्र हिरड्यांतून रक्त येत असेल, पायांवर बारीक लाल ठिपके उठले असतील, तर मला रिपोर्ट दाखवायला थांबू नका. तडक डॉक्टरांकडे जा.