मोजायचा का नाही

मंगळवार, रात्री सव्वाअकरा

काल तो कॉम्बो जमला, म्हणजे व्हिडिओ गेममधली एकाला लागून एक वारांची साखळी. आठ महिन्यांनी जमला. आणि आज दुपारी दीड वाजता त्याची पार माती झाली.

काल रात्रीच लिहायला बसलो नाही ते बरं झालं. बसलो असतो तर पानभर फुशारकी मारून ठेवली असती आणि आज ती खोडत बसलो असतो.

‘सुपर स्मॅश ब्रदर्स मेली’, दोघांच्या मारामारीचा गेम. बॅटलफील्ड नावाचं स्टेज, दुसरा गेम, भाच्याचा, नीलचा, फॉक्स उजव्या कडेपाशी. मी मार्थ. छोटी उडी, समोर वार, फॉक्स उडाला. पाय टेकले न टेकले तोच मोठी उडी, स्टेज सोडून बाहेर, पुन्हा समोर वार. खाली नुसती पोकळी. हवेतच दुसरी उडी आणि तलवार वरून खाली. टोक लागलं. टोक लागलं की जो आवाज होतो तो झाला, आणि फॉक्स दगडासारखा सरळ खाली गेला. मी कसाबसा कडेला लटकलो, वर आलो, आणि एरवी कधीच करत नाही ते केलं. डी-पॅडवर, म्हणजे कंट्रोलरवरच्या दिशांच्या बटणावर, वरची बाजू दाबली. मार्थ तलवार उंच धरतो आणि ओरडतो, ‘मिन्ना, मितेइते कुरे!’ म्हणजे, सगळ्यांनी माझ्याकडे बघा.

हा गडी इंग्रजी आवृत्तीतही जपानीच बोलतो. ‘मेली’ आला २००१ साली, आणि मार्थ ज्या ‘फायर एम्ब्लेम’ मालिकेतला, तिचे गेम तेव्हा जपानबाहेर आलेच नव्हते, पहिला आला २००३ मध्ये, तोही मार्थचा नव्हे. त्यामुळे २००४ साली आम्ही चौघं त्या घाणेरड्या अपार्टमेंटमध्ये खेळायचो तेव्हा हा कोण, कुठला, काय म्हणतोय, कुणालाच पत्ता नव्हता. मी त्याला घेतला तो तलवार आहे म्हणून. आणि परमुलखात येऊन भाषा सोडली नाही म्हणून, हे मागाहून सुचलेलं कारण.

तर, सगळ्यांनी माझ्याकडे बघा. मेधा तिच्या कॉलवर होती. हेडफोनचा एक कान उचलून ‘अभिनंदन’ म्हणाली आणि कान परत लावला. तिचं काही चुकलं असं नाही. घरात एकाला तरी कॉल असायलाच हवेत.

आणि नील. एक जीव गेल्यावर नवा फॉक्स वरून तरंगत्या फळीवर आला आणि तिथेच उभा राहिला, फळी नाहीशी होईपर्यंत. मला वाटलं, पोरगं हबकलं. खरंच वाटलं. काल झोपताना त्या उभ्या फॉक्सचाच विचार करत होतो. गेम पुढे त्यानेच जिंकला, पण ते काय नेहमीचंच.

आज दुपारी तेवढा तुकडा कापून त्याला पाठवला. वर लिहिलं, ‘ओळखा पाहू कोण?’ त्याचं उत्तर:

‘मामा सॉरी, तेव्हाच आईचा फोन आलेला. कंट्रोलर मांडीवर होता.’

खाली हसून डोळ्यांत पाणी आलेला तो चेहरा.

कंट्रोलर मांडीवर होता.

मग मी ते केलं जे करायला नको होतं. आम्ही ऑनलाइन खेळतो ते सॉफ्टवेअर, स्लिपी, प्रत्येक गेमची नोंद आपोआप ठेवतं. ती उघडली आणि एकेक फ्रेम पुढे सरकवत बघितली. सेकंदाला साठ फ्रेम. पहिल्या वारापासून फॉक्स खाली जाईपर्यंत त्याची स्टिक मधोमध, एक बटण दाबलेलं नाही. उडताना माणूस निदान स्टिक एका बाजूला रेटतो, म्हणजे उडायची दिशा थोडी बदलते आणि पुढचा वार हुकतो. या कॉम्बोतून सुटका तिथेच असते. नंतर दुसरी उडी तरी मारतो. इथे काही नाही. धोब्याने दांडीवर टाकलेला शर्ट.

रोलबॅकचीही गंमत आहे. मी न्यू जर्सीत, तो मिशिगनमध्ये, त्याचं बटण माझ्यापर्यंत यायला वेळ लागतो. तोवर माझा लॅपटॉप धरून चालतो की पोरगं आत्ता जे करत होतं तेच करत असणार. अंदाज चुकला की गुपचूप मागे जाऊन दुरुस्त करतो. काल त्या दोन-तीन सेकंदांत एकही अंदाज चुकला नसणार. ‘काही करत नाहीये’ हा अंदाज.

तेव्हा प्रश्न असा, की हा मोजायचा का नाही.

या कॉम्बोला ‘केन कॉम्बो’ म्हणतात, केन होआंगच्या नावावरून. कॅलिफोर्नियाचा. २००४ च्या सुमारास त्याला स्मॅशचा राजा म्हणायचे. (पुढे २००८ मध्ये तो टीव्हीवरच्या ‘सर्व्हायव्हर’मध्येही गेला, बेटावर नाही, गॅबॉनच्या जंगलात. त्याचं कौतुक वेगळं.) तेव्हा त्याचे व्हिडिओ उतरवून घ्यायला रात्र जायची आणि सकाळी आम्ही ते वीस-वीस वेळा बघायचो. तो माणूस समोरच्याला, जागा असलेल्या, दोन्ही हातांत कंट्रोलर धरलेल्या समोरच्याला, असं टिपायचा. मी टिपला तो आईशी बोलत होता. जेवलास का, असं विचारत होती म्हणे ताई.

तेव्हाही मला हा जमला नव्हता. बाकी तिघांपैकी दोघांना जमला. मला वाटलं होतं अंगठे सरावतील. वीस वर्षं झाली.

अंगठ्याचंच सांगायचं तर सगळा खेळ उजव्या अंगठ्याचा आहे. वायचं बटण काजूसारखं वाकडं, हिरव्या ए-च्या डोक्यावर. त्यावर उडी. मार्थचे पाय जमिनीवरून सुटायला चार फ्रेम लागतात, त्याच्या आत बोट उचललं तर उडी छोटी, नाहीतर मोठी. चार फ्रेम म्हणजे सेकंदाचा पंधरावा भाग. तिथून अंगठा घसरत खाली पिवळ्या सी-स्टिकवर, ती पुढे ढकलायची, वार. जमिनीला पाय लागायच्या आधीच्या सात फ्रेममध्ये एल दाबायचा, म्हणजे उतरताना निम्माच वेळ अडकतो. परत काजू. परत पिवळी. परत काजू, हवेतली उडी. आणि शेवटी पिवळी खाली. खाली! आठ महिन्यांतले सहा महिने माझा अंगठा शेवटी तिरका जायचा, खाली-पुढे, आणि मार्थ खाली खुपसायच्या जागी समोर तलवार फिरवायचा, समोर कोणी नसताना. एखाद्या लग्नात चुकून नाचायला उभा राहिलेला काका.

पेराच्या आतल्या बाजूला घट्टा पडलाय. मेधाने मागे विचारलं होतं, हे कशाने. मी म्हटलं, किसणी.

चव्वेचाळीसाव्या वर्षी माणसाने काय शिकावं याची यादी कोणी केली तर त्यात हे नसेल, कबूल. पण सकाळी कुठे जायचं नसलं की दिवसात एक तरी गोष्ट अशी लागते की जी काल येत नव्हती आणि आज येते. नाहीतर दिवस नुसते… जाऊ दे. तो विषय नाही. विषय असा की जी एक गोष्ट आली तीसुद्धा समोरचा फोनवर होता म्हणून आली. कावळा बसायला आणि फांदी तुटायला.

संध्याकाळी भांडी घासताना एकदम ताईची आठवण आली आणि हसायला लागलो.

वाड्यात क्रिकेट खेळायचो. स्टंप म्हणजे दुधाचा क्रेट. ताईला मी बोल्ड केली की दर वेळी, अगदी दर वेळी, ‘मी रेडी नव्हते.’ क्रेट दोन फूट मागे सरकलेला असायचा, बॉल त्यात अडकलेला असायचा, आणि ही बॅट काखेत धरून ओढणी सारखी करत. ‘मी रेडीच नव्हते.’ मग बॉल परत. मी रडायचो. दादा म्हणायचे, अरे रेडी नव्हती ना ती, मग टाक परत, जमतंय तर परत जमेल.

परत कधी जमलं नाही, ते सोडा. पण ही बाई वयाच्या पन्नाशीत, पुण्यात बसून, सकाळी सातच्या चहाबरोबर एक फोन लावते आणि मिशिगनमधलं पोरगं रेडी नसतं. बॉल परत. याला चिकाटी म्हणतात.

हसून झाल्यावर वाटलं, मी तिचा फोन घेऊन आज किती दिवस झाले? सहीचं काय ते नंतर बघू म्हटलं होतं त्यालाच तीन आठवडे झाले. मुलाशी मात्र ती रोज बोलते. बोलू दे. जेवलास का विचारायला माझ्याकडे कोणी… हे आता फारच झालं. खोडत नाही, पण फार झालं.

भांडी झाल्यावर ट्रेनिंग मोड लावला. समोर कॉम्प्युटरचा फॉक्स, ढिम्म उभा. दहा वेळा केला, चार वेळा जमला. म्हणजे ढिम्म उभ्या फॉक्सवरही सहा वेळा हुकतो. मग कालचा एका झटक्यात, गेम चालू असताना, हाताला घाम असताना लागला, तो अगदीच काही नाही असं कसं? माझ्या अंगठ्याला थोडंच माहीत होतं की पोरगं फोनवर आहे. अंगठ्याच्या दृष्टीने फॉक्स जागाच होता.

हे लिहून वाचलं. वकिली आहे, दिसतंय मला. तरी मुद्दा बरा आहे.

कॅरमच्या भाषेत बोलायचं तर क्वीन पडली, कव्हर बाकी आहे. कव्हर नाही मिळालं तर ती परत मधोमध ठेवावी लागते, पण पडली होती हे सगळ्यांनी बघितलेलं असतं. आमच्यात बघितलं कोणीच नाही, एवढाच फरक.

नीलचा आत्ता मेसेज आला. ‘उद्या साडेनऊ? या वेळी फोन सायलेंट ठेवतो मामा, प्रॉमिस.’

मी अंगठा दाखवला. घट्टा पडलेला तोच.

मग ताईला लिहिलं, तीन आठवड्यांनी. ‘उद्या तुझ्या सकाळी सातला नीलला फोन कर. उचलला नाही तर परत कर. जरा लांबव.’

पुण्यात आत्ता पावणेनऊ. दोन निळ्या खुणा लगेच आल्या.

‘का रे? आणि तू जेवलास का?’

आता हिला काय सांगू.