तुम्ही विचारलंत म्हणून: एकाच बाटलीतलं अंबर अत्तर दोघींवर वेगळं का येतं?

मी कासारीण, बाजारात पाल टाकून बांगड्या भरते आणि जोडीला अत्तर विकते. मी माल बदलत नाही. तुमच्या जावेला दिलं ते अंबर आणि तुम्हाला दिलं ते अंबर एकाच बाटलीतलं. ती बाटली तुमच्यासमोर उघडली, तुमच्यासमोर कुपी भरली, आणि बूच लावताना तुम्हीच म्हणालात, "अजून दोन थेंब टाका नं मावशी." तरी पुढच्या बाजाराला तीच कुपी घेऊन पालासमोर उभ्या राहता: "तिच्या आंगावर कसं गोड येते, न् माह्या आंगावर काहून औषधावानी येऊन रायलं?"

बांगड्या भरता भरता याचं उत्तर देणं होत नाही. एकीचा हात माझ्या हातात, दुसरीच्या हाताला साबण लावलेला, तिसरीचं पोरगं फुग्यासाठी रडत असतं. तुटक काहीतरी बोलते आणि तुम्ही संशय घेऊनच घरी जाता. तो संशय मला कळतो. हात धरल्याशिवाय माझा धंदाच होत नाही, आणि ज्या बाईच्या मनात भेसळ आली तिचा हात ताठ होतो. म्हणून आज बसून लिहिते आहे.

आधी माल. मी विकते ते 'शमामा अंबर' या नावाचं अत्तर, नागपूरच्या इतवारीतून आणलेलं. उत्तर प्रदेशातल्या कन्नौजला खरा शमामा काढतात तो तांब्याच्या डेगेत. दगडफूल, नागरमोथा, जटामांसी, कपूरकचरी, लवंग, जायपत्री, वेलदोडा असा पसारा उकळतो, वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात, म्हणजे ती गोळा करायच्या भांड्यात, उतरते, आणि भपक्यातलं चंदनाचं तेल तो सगळा वास पिऊन घेतं. चंदनतेलाचा भाव किलोला लाखाच्या वर आहे. माझी कुपी तुम्ही डझनभर हिरव्या बांगड्यांच्या पैशात नेता. हिशेब तुम्हीच करा. माझ्या मालात चंदनतेलाच्या जागी पॅराफिन आहे आणि वासाचा बराच भाग कारखान्यातला आहे. कुणी विचारलं तर सांगते. पाटी लावून सांगत नाही, मलाही पोट आहे.

आणि पेपरात व्हेल माशाच्या 'उलटी'ची बातमी आली की मला चोरटी नजर टाकून विचारू नका. ते अंबरग्रीस, माझं अंबर वेगळं. स्पर्म व्हेलच्या पोटात तयार होतं, आणि त्याची खरेदी-विक्री आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंद आहे. अत्तरातला तो उबदार गोडवा लॅबडेनम, ऊद आणि व्हॅनिला यांच्या मेळातून येतो. लॅबडेनम हा भूमध्य समुद्राच्या बाजूला होणाऱ्या एका झुडपाचा चीक. त्या झुडपांतून चरून आलेल्या बोकडांच्या दाढीला तो चिकटायचा आणि तिथून काढून घ्यायचे, असं हेरोडोटस या ग्रीक माणसाने अडीच हजार वर्षांमागे लिहून ठेवलं आहे. पुसदकडच्या एका धनगर गिऱ्हाइकाला हे सांगितलं, तर तो म्हणाला, "आमच्या बोकडाचा वास घेतला असता तर अत्तर सोडून देल्लं असतं त्यायनं." ऊद तर तुमच्या ओळखीचाच, निखाऱ्यावर टाकतो तो. म्हणून अंबर लावल्या लावल्या कुणाला नागपूरच्या ताजबागेतला उरूस आठवतो आणि ती खूश होते. कुणाला घरात मयत झालं तेव्हाचा धूप आठवतो आणि ती बूच लावून कुपी परत ठेवते. इथे अत्तराचा काय दोष?

आता हात. तुमचे चेहरे मी विसरते, हात विसरत नाही. ज्या हातावर बांगडी साबणाशिवाय सरकते, त्या मऊ, तेलकट हातावर अंबर पसरून बसतं आणि संध्याकाळपर्यंत गोड राहतं. कोरडा हात ते पिऊन टाकतो. लवंग-वेलदोडा घटकाभरात उडतात आणि मागे चिकट कडसरपणा उरतो. तोच तुमचा 'औषधावानी'. आधी मनगटाला तिळाच्या तेलाचं बोट फिरवा, पुष्कळ फरक पडतो. ऊनही तसंच. वैशाखात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा हलके वास झटक्यात उडतात आणि जड गोडवा एकदम डोक्यात चढतो. उन्हाळ्यातल्या लग्नाला खस घ्या, मोगरा घ्या, असं मी सांगते; तुम्ही अंबरच नेता आणि मग वरातीत कुणाला मळमळलं की माझं नाव घेता. ज्या बाईने सकाळीच काळा मसाला कुटला तिची गंमत वेगळीच. दगडफूल तिच्या उखळात, लवंग तिच्या उखळात, आणि तेच वास अत्तरात. तिला अत्तर लागलंय हेच कळत नाही, शेजारणीला वाटतं हिच्याकडे आज मटण आहे.

मुलगा सायन्सला होता तेव्हा त्याने सांगितलं होतं की कातडीचा पीएच असतो, पाचच्या आसपास, थोडा आंबट. मग काय, कित्येक बाजार मी ऐटीत सांगत फिरले: "ताई, तुमचा पीएच वेगळा आहे." बायाही मान हलवायच्या. इंग्रजी शब्द आला की भेसळीचा संशय अर्धा कमी होतो. आता ते मलाच पटत नाही. आंबटपणाचा खेळ पाण्यात चालतो आणि माझ्या अत्तरात पाण्याचा थेंब नाही. कोरडं-तेलकट, गरम-गार यांचा फरक मी रोज हाताने बघते. पीएचचा कधी दिसला नाही. तेव्हाच्या त्या ऐटबाज बाईला आज पालावर बसवलं तर आमचं भांडण होईल.

शिवाय नाक. नाकाकडे कुणी बोट दाखवत नाही, सगळ्या कुपीकडेच दाखवतात. २००७ साली 'नेचर' या नियतकालिकात एक संशोधन आलं होतं. घामात अँड्रोस्टेनोन म्हणून एक पदार्थ असतो. तो काहींना घाण, मुतासारखा वाटतो, काहींना चक्क गोड, व्हॅनिलासारखा, आणि काहींना त्याचा वासच येत नाही. आणि यातला बराच फरक नाकातल्या एका जनुकावरून ठरतो. कारखान्यातल्या काही कस्तुऱ्यांचंही असंच, काही नाकांना त्या कळतच नाहीत. त्यात आपलं नाक आपल्या अंगच्या वासाला लवकर थकतं. तुम्हाला वाटतं उडालं, तुम्ही आणखी लावता, आणि एसटीत शेजारी बसलेली खिडकी उघडते.

इतकं सगळं मला सांगता येतं. तरी एक घर आठवलं की माझं उत्तर अडतं.

कापूस वेचणीचे दिवस, थंडी चांगली पडलेली. एका मोठ्या कास्तकाराकडे लग्नाचा चुडा भरायला बोलावलं होतं. गाव सांगत नाही. ओसरीत सतरंजी टाकली होती. नवरीला आधी भरला, मग तिची आई, काकू, आत्या, मावश्या. चुडा भरून झाला की प्रत्येकीच्या मनगटाला अंबराचं बोट लावायचं ही माझी रीत. त्याचे पैसे घेत नाही, त्यानेच पुढे कुप्या खपतात. ओसरी दरवळली. मग नवरी म्हणाली, "गयामावशीलेही भरा नं." गयाबाई त्यांच्याकडे वेचायला येणारी. नवरीला लहानपणी कडेवर घेऊन हिंडलेली. ती अंगणात, पायरीच्या खाली उभी होती. वर ये म्हटलं तरी आली नाही, आणि दुसऱ्यांदा कुणी म्हटलंही नाही. मी खाली उतरले.

वाळलेल्या बोंडांची टोकं बोचून तिच्या बोटांच्या कडा फाटल्या होत्या. मनगटावर ओरखडे, आणि हाताला पऱ्हाट्यांच्या चुलीचा धूर मुरलेला. कामाने पंजा रुंद झालेला, बांगडी अंगठ्याच्या हाडाशी अडायची. साबण लावून, दाबून दाबून चढवल्या, एकही वाढवू दिली नाही. मग अंबर लावलं. भेगांत चरचरलं असणार, तिने हात ओढला नाही. सवयीने मी तिचं मनगट नाकाशी नेलं. गोडवा जवळजवळ गेलेला. धूर, लवंग, आणि खाली काहीतरी ओल्या लाकडासारखं. कन्नौजच्या खऱ्या शमाम्याचा थेंब एका व्यापाऱ्याने मला एकदा हुंगवला होता. माझं स्वस्त अंबर त्याच्या जवळ कधी पोचलं असेल तर त्या हातावर.

हे मी तेव्हा मोठ्याने बोलले नाही.

गयाबाई कडेला तांदूळ निवडायला बसली. थोड्या वेळाने शहरातून आलेल्या एक पाहुण्या बाई म्हणाल्या, "कशाचा वास येऊन रायला वं? चुलीत काही पडलं का?" सगळ्या इकडेतिकडे बघायला लागल्या. दुसरी म्हणाली, "गयाच्या आंगाचा हाये. काय चोपडलं वं?" गयाबाईने हात पदराखाली घेतला. "अत्तर हाये. कासारीणबाईनं लावलं."

"अत्तर असं येते?" पाहुण्या बाईंनी स्वतःचं मनगट हुंगलं, शेजारणीच्या नाकाशी धरलं. "हे पाहा. याले अत्तर म्हणतात." आणि माझ्याकडे वळून, अगदी समजूतदारपणे, "तिले हलकं लावलं असन तुमी, नाई का?"

त्या टोमणा मारत नव्हत्या. उलट मी भारी माल वाचवला म्हणून त्यांना माझं कौतुकच वाटलं होतं. मी म्हणाले, "नाही बाई, एकाच बाटलीतलं आहे. ज्याच्या त्याच्या आंगाचा गुण असते."

"तेच म्हणतो मी," त्या म्हणाल्या, आणि सगळ्या ओसरीच्या माना हलल्या.

घरच्या बाईंनी गयाबाईला सांगितलं, तांदळाला वास लागन, हात धुऊन ये. ती टाक्यावर गेली. तेलातलं अत्तर पाण्याने जात नाही. तिने निरम्याने घासलं, मग राखेने घासलं. नव्या हिरव्या बांगड्या वर सारून कोपरापर्यंत घासत होती. परत आली तेव्हा तिला तांदूळ दिले नाहीत, अंगण झाडायला दिलं. नवरी आत होती, तिला यातलं काही दिसलं नाही. निघताना मला खण, नारळ आणि ठरल्यापेक्षा वरचे पैसे मिळाले. मी ते घेतले, आणि परत द्यायला हवे होते असं मला आजही वाटत नाही. त्या हंगामात दुसरा चुडा नव्हता.

आणि मी खोटं कुठे बोलले? बाटली एकच होती. कोरड्या, फाटलेल्या, धूर मुरलेल्या हातावर ते वेगळं येतच होतं. आजही कुणी विचारलं तर हेच सांगेन, वर तासभर सांगितलं तेच. पण माझ्यातलीच दुसरी विचारते: त्यांना वास आधी आला की बाई आधी दिसली? अंगाचा गुण म्हणून तू तुझ्या तिळाच्या तेलाबद्दल बोलत होतीस, त्या कशाबद्दल बोलत होत्या हे तुला माहीत नव्हतं का? या गावांत राहून?

नंतर एका बचत गटाच्या बैठकीत मी चिंध्यांवर करून पाहिलं. सगळ्यांच्या मनगटाला अंबर लावलं, त्यावर सुती चिंधी बांधली, संध्याकाळी चिंध्या एकत्र केल्या आणि कुणाची कोणती ते न सांगता हुंगायला दिल्या. चुलीवर रांधणाऱ्या एका बाईची धुरकट चिंधी पुष्कळ जणींनी आवडली म्हणून पहिली काढली. मी मनात म्हटलं, बघा. तेवढ्यात एक म्हणाली, "हे तर औषधावानी येते." ती चिंधी तिची स्वतःचीच होती. माझ्या दोन्ही बाजू तिथेच बसल्या.

गयाबाई अजून बाजारात येते. बांगड्या माझ्याकडेच भरते, भावात घासाघीस करते, शेवटी दहा रुपये कमी करूनच उठते. अंबराच्या पेटीकडे बघत नाही, मीही बोट पुढे करत नाही. त्या दिवशी तो वास तिला स्वतःला कसा वाटला, हे एकदा विचारायचं आहे. बाकी सगळ्या मला विचारतात, तिने मात्र कधी काहीच विचारलेलं नाही.

तेव्हा भरलेली कुपी परत घेणार नाही, हे लक्षात ठेवा. घ्यायची असेल तर आधी मनगटाला लावून बाजार फिरा, भाजी घ्या, घाम येऊ द्या, मी पाल उतरवायच्या आत परत या आणि मग ठरवा. आणि तोवर जावेला हुंगायला देऊ नका.