वहिनी, आमच्याकडे लेणीच लेणी!

चूक माझीच. दिवाळीच्या फराळाला चुलतभावाकडे गेलो होतो. नव्या वहिनी भूशास्त्रज्ञ आहेत एवढंच तोवर ठाऊक होतं. "गुहांमधले चुन्याचे थर तपासते, त्यावरून जुना पाऊस कळतो," असं त्या म्हणाल्या आणि मी तोंडातली चकली संपायच्या आत बोलून बसलो, "मग खानदेशात चला की! आमच्याकडे लेणीच लेणी!" त्या हसल्या. ते हसणं तेव्हा मला कौतुकाचं वाटलं होतं.

नोव्हेंबरअखेर चाळीसगावला उतरलो. मुक्काम आत्याकडे. पहिला दिवस भरीत, कळण्याची भाकरी आणि त्यानंतरची झोप यांत गेला. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

दुसऱ्या दिवशी पाटणादेवी. देवीचं दर्शन घेतलं आणि गावातला एक पोरगा वाटाड्या म्हणून घेऊन पितळखोऱ्याच्या लेण्यांची चढण धरली. पितळखोरं तसं कन्नड तालुक्यातलं, पण आम्ही चाळीसगावकर ते आपलंच धरून चालतो. अर्ध्या वाटेवर वहिनींनी हातोडीने एक दगड फोडला, मला दाखवला आणि हळूच म्हणाल्या, "भाऊजी, हा सगळा बेसॉल्ट. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. मला लागतो तो चुनखडक."

"पण लेणी..."

"लेणी माणसांनी छिन्नीने खोदली. माझ्या गुहा पाण्याने खोदलेल्या असतात."

वरात घेऊन भलत्याच गावात शिरल्यासारखं झालं. मग दिवाळीत का नाही सांगितलंत, असं विचारलं, तर म्हणाल्या, "भरीत खायचं होतं." इथे मी त्यांना माफ केलं.

उरलेल्या चढणीवर मला फुकट शिकवणी मिळाली. पावसाचं पाणी मातीतून झिरपताना मुळांपाशी कोंडलेला कार्बन डायऑक्साइड घेतं आणि किंचित आंबट होतं. ते चुनखडक विरघळवत खाली उतरतं. गुहेत थेंब सुटला की तो वायू उडून जातो आणि चुना मागे राहतो. थेंबावर थेंब पडत लवणस्तंभ वाढतो, तोही शंभर वर्षांत जेमतेम बोटाच्या पेराएवढा, पुष्कळदा त्याहून कमी. प्रत्येक थरात त्या काळच्या पावसाचा ऑक्सिजन अडकलेला असतो. ऑक्सिजनमध्येही हलका आणि जड असे प्रकार असतात. पावसाळा दणकून झाला असेल तर जड ऑक्सिजन कमी, ओढ दिली असेल तर जास्त. आणि वय? पाण्यात युरेनियम विरघळतं, थोरियम विरघळत नाही. थरात अडकलेल्या युरेनियमचं हळूहळू थोरियम होत जातं. ते किती झालं हे मोजलं की साल निघतं.

"मेघालयातल्या मावम्लूह गुहेतला असाच एक स्तंभ आहे," त्या म्हणाल्या. "त्यात ४२०० वर्षांपूर्वीच्या कोरड्या काळाची खूण सापडली. म्हणून २०१८ मध्ये पृथ्वीच्या चालू कालखंडाला 'मेघालयन' नाव दिलं." मला मेघालय म्हटलं की चेरापुंजीचा पाऊस आठवतो. कालखंडाला नाव मिळालं ते मात्र तिथल्या दुष्काळामुळे.

पितळखोऱ्याची लेणी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासूनची, आणि गळकी. डोंगरातून पाणी झिरपून झिरपून निम्मी ढासळली आहेत. खोदणाऱ्यांनाही पाण्याचा अंदाज असावा, कारण चौथ्या लेण्याच्या दाराशी पाच फण्यांचा नाग कोरलाय आणि त्याच्या फण्यांतून पाणी पडावं म्हणून भोकं पाडली आहेत. मी त्या नागापुढे उभा असताना आतून वहिनींची हाक आली. ओल्या भिंतीवर नखाएवढ्या जाडीचा पांढरा थर होता. माझी छाती फुगली. सापडला की चुना! त्यांनी भिंगातून बराच वेळ पाहिलं. "बेसॉल्टमध्येही थोडं कॅल्शियम असतं, तेच आलंय. पण यात धूळ फार. धूळ स्वतःचं थोरियम घेऊन येते, मग वयाचा हिशोब बिघडतो." आणि मग त्यांचं बोट थांबलं. त्या थरावर कोणीतरी किल्लीने बदाम कोरला होता, आत दोन नावं. बाजूला आणखी सहा-सात. हा थर त्यांच्या कामाचा नव्हता, तरी त्या अशा संतापल्या की वाटाड्या पोरगा, "मी नहीं कया बरं ताई," म्हणत मागे सरला. खरं सांगतो, शाळेच्या सहलीत आम्हीही कुठल्याशा किल्ल्यावर नावं कोरली होती. ते मी त्या दिवशी बोललो नाही, इथे लिहितोय.

उतरताना त्यांचा राग निवावा म्हणून मी पायथ्याच्या पाटणे गावाचं सांगितलं. इथे १९७०च्या दशकात डॉ. साळींनी उत्खनन केलं, तेव्हा शहामृगाच्या अंड्याची कवचं निघाली. एका तुकड्यावर आडव्यातिडव्या रेषा कोरलेल्या, वय सुमारे २५ हजार वर्षं. चाळीसगावात शहामृग! म्हणजे तेव्हा इथे उघडं, कोरडं गवताळ रान असणार. वहिनी एकदम खुलल्या. त्या कोरणाऱ्याला मात्र त्यांनी काही म्हटलं नाही.

खरी मजा संध्याकाळी झाली. आत्याच्या परसात जुना तांब्याचा बंब पडून आहे. हात धुवायला गेलेल्या वहिनी तिथेच उकिडव्या बसल्या. बंबाच्या आत बोटभर जाड पापुद्रा होता, आणि फुटलेल्या कडेला एकावर एक रेघा दिसत होत्या: पांढरी, पिवळट, पुन्हा पांढरी. अख्ख्या खानदेशात त्यांना हवा तसा चुना सापडला तो आमच्या न्हाणीघरामागे.

आत्या ओसरीवरून आली. तिने भिंगबिंग काही मागितलं नाही. बोअर झाल्यापासून थर जाड बसायला लागला, त्याआधी नळाचं पाणी होतं तेव्हा पातळ बसायचा, हे तिने बोट ठेवून दाखवलं. वहिनींनी विचारलं, "मध्ये कधी थर बसायचा थांबला होता का, आत्या?"

"बहात्तरमा बंब पेटनाच नही," आत्या म्हणाली. "हंडाभर पानीमा बठ्ठं घर."

वहिनी माझ्याकडे वळल्या. गुहेतही असंच होतं म्हणे. पाणी आटलं की थेंब थांबतो, स्तंभ वाढायचा थांबतो, आणि ते थांबणंही नोंदलं जातं. बस्तरमधल्या दंडक गुहेच्या स्तंभात चौदाव्या-पंधराव्या शतकातला पाऊस वर्षानुवर्षं कमी पडल्याचं दिसतं. आपल्याकडे १३९६ ते १४०७ असा बारा वर्षांचा दुर्गादेवीचा दुष्काळ सांगतात, तो त्याच काळातला. हवामान खातं १८७५ चं. त्याआधीचा पाऊस कागदावर फारसा नाही, म्हणून दगडाला विचारायचं.

आत्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग पुढला साल पानी पडी का नही, हाई सांगस का तो दगड?"

"नाही हो आत्या," वहिनी म्हणाल्या. "दुष्काळ पडला तर तो किती लांबू शकतो, एवढं सांगतो."

"ते तं मी बी सांगसू."

यावर दोघीही गप्प. मी बिबड्या खात होतो, तो आवाज उगाच फार मोठा वाटला.

तिसऱ्या दिवशी निघताना वहिनींनी पापुद्र्याचा एक तुकडा सोडवून प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला. "प्रयोगशाळेत नेला तर हाकलतील मला," म्हणाल्या, पण सवयीने पिशवीवर पेनने लिहिलंच: चाळीसगाव, बंब, तारीख आणि वरची बाजू दाखवणारा बाण. आत्या चष्मा सावरत वाकून बघत होती.

"मन्हं बी नाव लिख वं त्यावर," ती म्हणाली.