पन्नास हजारांचं डिपॉझिट आणि कलम 55

पुण्यातला कर्वेनगरचा भाड्याचा फ्लॅट नवव्या महिन्यात सोडला. महिनाभर आधी सांगून, सगळं भाडं चुकतं करून. चाव्या घेतल्यावर घरमालक काकांनी हिशेब सांगितला: रंगाचे 18,000, बेडरूमच्या भिंतीला ओल आली त्याचे 10,000, मुदतीआधी घर सोडलं म्हणून एक महिन्याचं भाडं आणखी 18,000. माझ्या 50,000 डिपॉझिटमधले चार हजार उरत होते. "ताई, हे सगळं आपलं तोंडी ठरलं होतं," काका म्हणाले. असलं काहीही ठरलेलं नव्हतं. मला रात्रभर झोप लागली नाही.

घर भाड्याने घेताना "कराराच्या रजिस्ट्रेशनचा खर्च कशाला, नोटरी करू" असं तेच म्हणाले होते आणि मी मान डोलावली होती.

मैत्रिणीने शिवाजीनगर कोर्टाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जायला सांगितलं. बाईमाणसाला तिथे मोफत कायदेशीर मदत मिळते, उत्पन्नाची अट नाही, हे मला माहीतच नव्हतं. तिथल्या वकीलबाईंनी स्टँपपेपर उलटसुलट पाहिला आणि विचारलं, "रजिस्टर नाही केला ना? मग ही अडचण त्यांची आहे, तुमची नाही."

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 55. करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची. ती केली नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते ग्राह्य, उलट सिद्ध होईपर्यंत. शिवाय घरमालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. ते ऐकताना मला रडूच आलं.

मी बँकेचे व्यवहार आणि घर सोडत असल्याचा व्हॉट्सॲप मेसेज छापून नेला. भिंतीचा व्हिडिओही होता. राहायला गेले त्याच दिवशी मी आईला घर दाखवायला तो काढला होता. बाथरूमला लागून असलेल्या भिंतीवर पोपडे निघालेले, खाली पुठ्ठ्याच्या रंगाचा डाग, आणि मागून आईचा आवाज: "अगं, इथे ओल आहे, कपाट लावू नकोस."

आधी रजिस्टर एडीने नोटीस गेली. पोचपावती परत आली, उत्तर आलं नाही. मग दाखलपूर्व, म्हणजे खटला भरण्याआधीच्या, तडजोडीसाठी प्राधिकरणाकडे अर्ज केला. काका मुलाला घेऊन आले. व्हिडिओ मुलाने दोनदा पाहिला आणि वडिलांना हळूच म्हणाला, "बाबा, ही ओल आपलीच आहे." खिळ्यांची भोकं बुजवायचे 2,000 मी स्वतःहून कबूल केले, कारण ती मी पाडली होती. बाकी 48,000 चा चेक मिळाला.

वारज्याच्या नव्या घरी नोंदणी करणारा मुलगा अंगठ्याचं मशीन घेऊन घरीच आला. मुद्रांक शुल्क पाचशेच्या आसपास, नोंदणी फी 1,000. नव्या मालकीणबाईंचा अंगठा मशीन काही केल्या घेईना. मी त्यांना ओला रुमाल आणून दिला, चौथ्यांदा लागला.