वळचण नसलेल्या शेडची पन्हळ

कोकणात पूर्वी घर बांधताना माणूस आधी छपराचा विचार करायचा, मग भिंतींचा. आता उलटं झालंय. आमच्या परसातली शेडच बघा ना, लाकडं, सायकल, नारळ, नको असलेली पण टाकवत नसलेली भांडी, असलं सगळं ठेवायला बांधलेली. पत्रा आला बारा फुटी, शेड पावणेबारा फूट, वर अडीच फुटाचा उतार, म्हणजे पत्रा बरोब्बर भिंतीच्या कडेला येऊन संपला. वळचण नाहीच. फॅब्रिकेटर म्हणतो, "दादा, फिनिशिंग कसं क्लीन दिसतंय बघा." दिसतंय खरं, पण पावसाला फिनिशिंगचं काय पडलंय?

कारण पत्र्याच्या टोकाला आलेलं पाणी सगळंच्या सगळं खाली पडत नाही. थोडं टोकाला चिकटून मागे वळतं, पत्र्याच्या पोटाला धरून भिंतीवर उतरतं, आणि आमची भिंत जांभ्याची, ती पीतच राहते. बाकीचं पाणी पायाशी आपटून परत उडतं. मग खाली शेवाळ, आत ओल आणि लाकडांना बुरशी.

कौलारू घरांना ही कटकट नव्हती. वासे दीड-दोन फूट बाहेर आलेले, पागोळ्या भिंतीपासून लांब पडायच्या आणि अंगणात त्यांच्या खाली एका ओळीत खळगे तयार व्हायचे. पन्हळ लागायची ती दोन छपरं मिळतात तिथे, नाहीतर दारावर, आणि तीही पोफळीचं खोड उभं चिरून आतला गर खरवडून काढलेली. दुकानात जायचा प्रश्नच नव्हता.

आता दुकानात गेलं की पहिला प्रश्न मटेरियलचा, पीव्हीसी घेणार की जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पत्रा) की ॲल्युमिनियम, आणि दुसरा रंगाचा! माझ्या मते हे दोन्ही प्रश्न नंतरचे. वळचण नसलेल्या शेडला पन्हळ निवडायची म्हणजे ती टांगायची कशाला हे आधी ठरवायचं. रेडिमेड गटरचे ब्रॅकेट छपराच्या टोकाला उभी फळी आहे असं धरून बनवलेले असतात, आणि आमच्याकडे फळी सोडा, टोकच भिंतीत संपतंय. भिंतीवर लाकडी पट्टी ठोकून त्यावर ब्रॅकेट लावता येतात, पण जांभ्यात स्क्रू किती दिवस धरणार आणि ती पट्टी पहिल्याच पावसात भिजणार. पत्र्याला वरून भोकं पाडून पट्ट्या लटकवता येतात, उंचवट्यावर भोक आणि बोल्टच्या डोक्याखाली रबरी वॉशर घातला तर चालतं म्हणतात, पण नवीन पत्र्याला मुद्दाम भोकं पाडायची हे माझ्या जिवावर येतं. मला पटलं ते असं की शेवटच्या लोखंडी पर्लिनलाच, म्हणजे पत्रा ज्याच्यावर टेकतो त्या आडव्या बारलाच, छोटे अँगल वेल्ड करून बाहेर काढायचे आणि त्यावर पन्हळ बसवायची. शिवाय पत्र्याच्या टोकाखाली वाकवलेल्या जीआयची एक पट्टी सरकवायची, म्हणजे दोन-तीन इंचाचं नाक तयार होतं आणि मागे वळणारं पाणी त्या नाकावरून थेट पन्हळीत पडतं.

किती पाणी म्हणाल तर हिशोब सोपा आहे. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. आमची शेड बारा बाय पंधरा, म्हणजे साधारण 17 चौरस मीटर. तासाला 100 मिमीच्या सरीत मिनिटाला 28 लिटर, जवळजवळ दोन बादल्या! 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिमी पडला होता, तो या शेडवर पडला असता तर 16 हजार लिटर झाले असते. मिनिटाला 28 लिटर अरुंद पन्हळीत मावतीलही कदाचित, पण नालीदार पत्र्यावरून ते धारा धरून येतं आणि जोराच्या सरीत पन्हळीच्या बाहेरच उडी मारतं. म्हणून तोंड रुंद हवं. सहा इंची पीव्हीसी पाईप ग्राइंडरने उभा चिरला की झालं काम, पाईप वीस फुटी येतो म्हणजे मध्ये जोड नाही आणि जोड नाही म्हणजे गळती नाही. उतार पंधरा फुटाला एक इंच पुरतो. बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा जराशी खाली ठेवायची, तुंबली तर पाणी अंगणात सांडेल, भिंतीवर नाही. आणि स्क्रूने आवळून टाकायची नाही हां, मेच्या उन्हात पंधरा फुटी पीव्हीसी सेंटिमीटरभर सहज वाढतं, त्याला सरकायला जागा नाही दिली तर ते पोट काढून बसतं.

आई म्हणते, खाली ड्रम ठेवू, पाणी फुकट कशाला घालवायचं. दोनशे लिटरचा ड्रम त्या सरीत सात मिनिटांत भरेल, मी तिला हे सांगितलं तर म्हणाली, मग दोन ठेव. वेल्डिंगवाला मिरगाच्या आत येतो म्हणालाय, आणि पाईपचा उरलेला अर्धा भाग शेजारच्या काकांनी गोठ्यासाठी आत्ताच मागून ठेवलाय.